भंगार निवडणारे हात कारखान्याचेच



गाडी हलकी झाली की पेट्रोल कमी लागते. विजेची असेल तर एका चार्जिंगमध्ये जास्त धावते. म्हणून इंजिनाचे भाग, गिअरबॉक्सचे आवरण ॲल्युमिनियमचे करतात. तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश त्याचे वजन. वितळलेला धातू प्रचंड दाबाने पोलादी साच्यात क्षणार्धात भरायचा, थिजला की भाग बाहेर काढायचा. हेच डाय कास्टिंग. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचे औरंगाबाद) वाळूजमध्ये एन्ड्युरन्ससारख्या कंपन्या हेच करतात.

यातला बराचसा धातू खाणीतून नाही, भंगारातून येतो. खनिजापासून ॲल्युमिनियम बनवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे ५ टक्क्यांत भंगारापासून ते मिळते. पण भंगारात लोखंडी स्क्रू-बोल्ट राहून गेले तर धातू ठिसूळ होतो, आणि विरघळलेले लोखंड नंतर वेगळे काढणे फार अवघड. पाणी असलेला किंवा बंद डबा भट्टीत गेला तर स्फोट होऊ शकतो.

म्हणजे मालाची पहिली तपासणी करतो तो भंगार निवडणारा माणूस. त्याच्याकडे चुंबक असते, अनुभव असतो. हातमोजे आणि प्रमाणपत्र बहुधा नसते.

आपल्या नागपुरात, वाडीला, १९८९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. या कामगारांसाठी मराठी-हिंदीतून प्रशिक्षण द्या, अशी मागणी आपण तिथे सर्वांनी मिळून करू. नोंदणीचे सॉफ्टवेअर मी मोफत करून देतो. वस्त्यांतून माणसे तुम्ही जोडा.