कंच्यांची ओळखपरेड

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



कालपासून आपण एकमेकांना ओळखण्याचाच कार्यक्रम करतो आहोत. कुणाला आवाजावरून ओळखलं, कुणाला हसण्यावरून, आणि दोघातिघांना, खरं सांगते, छातीवरच्या बिल्ल्यावर नाव वाचून. आयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत तीही ओळखण्यावर बोलायलाच, फक्त माणसांऐवजी कंच्यांवर. सकाळी चहाच्या टेबलावर एकाने विचारलं, "बँकेतून रिटायर होऊन तू आता कंचे जमा करून राहिली?" हो, करून राहिले. गेली सहा वर्षं.

आमच्या लहानपणी मुलींनी कंचे खेळायचे नाहीत असा घरोघरी नियम होता. दोन्ही भाऊ खेळायचे आणि संध्याकाळी जिंकलेले-हरलेले मोजायला माझ्याकडे द्यायचे. त्यामुळे नेम धरायची नाही, पण एकेक कंचा उजेडात धरून बघायची सवय मला लागली. पुढे पस्तीस वर्षं नोटा बघितल्या. खरी कोणती, खोटी कोणती, हे बघणं हाच माझा धंदा. आता तीच नजर कंच्यांकडे वळली आहे.

पुण्या-मुंबईकडचे लोक गोट्या म्हणतात, आपण कंचे म्हणतो. पण 'गोटी' हा शब्द मला आवडतो, कारण त्यात दगड शिल्लक आहे. गोटा, गारगोटी, गोटी. काच येण्याच्या पुष्कळ आधी पोरं दगडाच्याच गोट्या खेळत असणार. मोहेंजोदडो आणि हडप्पाच्या उत्खननातसुद्धा दगडाच्या लहान लहान गोळ्या सापडल्या आहेत. अकीक हा रेघांचा सुंदर दगड तर महाराष्ट्रातल्या काळ्या खडकात निघतो. हाताने घासलेली अकिकाची गोटी भिंगाखाली धरली की तिच्यावर बारीक बारीक सपाट पैलू दिसतात. काचेच्या गोटीवर तसे दिसत नाहीत. ही झाली पहिली परीक्षा: दगड की काच?

काचेचे कंचे मोठ्या प्रमाणावर व्हायला लागले ते जर्मनीत, थुरिंगिया प्रांतातल्या लाउशा नावाच्या गावी, १८४० च्या दशकात. तिथल्या काचकाराने एक खास कात्री तयार केली. तिच्या एका टोकाला अर्धगोल वाटी होती. रंगीत काचेच्या दोऱ्या आत घालून केलेली तापलेली कांडी पिळायची, तिचं टोक वाटीत फिरवून गोल करायचं आणि कापायचं. म्हणून त्या कंच्यांत आतल्या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिळत गेलेल्या असतात. आणि कांडीपासून सुटल्याची एक खरखरीत खूण राहते, कधी एका टोकाला, कधी दोन्ही. मी तिला बेंबी म्हणते. काही जर्मन कंच्यांत रंगाऐवजी आत पांढऱ्या मातीचा छोटासा प्राणी असतो, कुत्रा, मेंढी, पक्षी. काचेच्या आणि मातीच्या मध्ये हवेचा पातळ थर अडकतो, त्यामुळे तो चांदीचा असल्यासारखा चमकतो.

मग यंत्र आलं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी मार्टिन ख्रिस्टेन्सन यांनी कंचे गोल करण्याच्या यंत्राचं पेटंट १९०५ साली घेतलं. पुढच्या यंत्रांत भट्टीतून पडणारी काचेची धार तुकड्या-तुकड्यांनी कापली जाऊ लागली आणि तो तुकडा खाचा असलेल्या फिरत्या रुळांवरून घरंगळत गोल आणि थंड होऊ लागला. यंत्राच्या कंच्याला बेंबी नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून आणखी एक प्रकार जगभर गेला. आरपार काच आणि मध्ये रंगीत पाती, मांजराच्या डोळ्यासारखी. आपल्या खिशात खुळखुळत होते त्यांतले बहुतेक याच जातीचे. हिरवट काच आणि पोटात लाल, पिवळं किंवा निळं पातं. हिरवट का? तर वाळूत लोह असतं. ते काढून टाकायला खर्च येतो, आणि पोरांच्या कंच्यासाठी तो कोण करणार?

आपल्याकडे कंच्यांचा आणखी एक उगम होता, सोड्याची बाटली. लंडनच्या हायरम कॉड यांनी ती १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला पेटंट केली. बाटलीच्या गळ्यात रबराची चकती आणि आत कंचा. बाटली उलटी धरून भरायची. आतला वायू कंच्याला वर दाबतो आणि बूच आपोआप लागतं. अंगठ्याने दाबला की फस्सकन आवाज होतो, कंचा खाली उतरतो आणि गळ्याच्या खाचेत अडकून बसतो, म्हणजे ओतताना तोंड बंद होत नाही. खुद्द इंग्लंडातही ती बाटली मागे पडली, पण त्याआधी तिथल्या पोरांनी कंच्यासाठी किती बाटल्या फोडल्या असतील त्याला गणती नाही. आपल्या उन्हाळ्यात लिंबू-मीठ घातलेला गोटी सोडा कुणी कुठे प्यायला, आणि फुटक्या बाटलीचा कंचा कुणाच्या खिशात गेला, हे मी इथे विचारत नाही. गुरुजन समोर बसले आहेत.

सोड्याचा कंचा ओळखायला सोपा. आत नक्षी नाही, एकच रंग, फिका हिरवा किंवा निळसर, आणि पोटात हवेचे बुडबुडे. पण एक सांगते. या बाटल्या आपल्या देशात अजूनही बनतात. त्यामुळे सोड्याचा कंचा म्हणजे जुना कंचा, असा हिशेब करू नका.

आता प्रत्यक्ष तपासायचं कसं? घरात दहापट मोठं दाखवणारं भिंग असू द्या. कंचा खिडकीतल्या उजेडात हळूहळू फिरवा आणि चार गोष्टी पाहा. बेंबी आहे का? रेघा टोकापासून टोकापर्यंत जातात की मध्येच मोडतात? बुडबुडे आहेत का? पृष्ठभागाच्या आत चंद्रकोरीसारख्या खुणा आहेत का? ती चंद्रकोर म्हणजे दुसऱ्या कंच्याचा बसलेला मार. जो कंचा खेळला गेला, त्याच्यावर ती असतेच. मग तो गालाला लावा. काच गार लागते, प्लास्टिक लागत नाही. शेवटी अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारा. काही जुन्या पिवळट-हिरव्या काचेत युरेनियम घालत असत, ती लख्ख हिरवी पेटते. मँगनीज असलेली काचही थोडी चमकते, पण मंद. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की फरक कळतो.

काय करू नये तेही सांगते. मे महिन्यात माळ्यावरून डबा काढला आणि लगेच माठातल्या पाण्यात कंचे टाकले, असं करू नका. तापलेली काच गार पाण्यात तडकते. मातीत वर्षानुवर्षं पडलेल्या कंच्यावर धूसर, इंद्रधनुष्यासारखा पापुद्रा येतो, तो घासू नका. आणि चकाकी आणायला पॉलिश तर मुळीच करू नका. पॉलिश केल्यावर बेंबी जाते, चंद्रकोर जाते, आणि जाणकारांच्या लेखी किंमतही जाते. बाजारात कुणी "मॅडम, इंग्रजांच्या जमान्याचा आहे, जर्मन आहे" म्हणाला, तर हसून भिंग काढा. बेंबी नाही आणि पोटात मांजराचा डोळा आहे, तर तो लाउशाचा नाही. एवढं बोललात की भाव आपोआप उतरतो.

इथपर्यंतचं सगळं पुस्तकात मिळतं. अमेरिकेतल्या कारखान्यांच्या कंच्यांची तर जाडजूड सचित्र पुस्तकं आहेत. आपल्या कंच्यांचं तसं नाही. काचेचे कारखाने आपल्याकडे होते आणि नाव राखून होते. लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीतून १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा कारखाना उभा राहिला. १९१६ साली ओगले बंधूंचा कारखाना निघाला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी नावाने ओळखला गेला. पण कंच्यावर नाव कोण घालणार? तो पेटीत भरून यायचा, दुकानदार बरणीत ओतायचा आणि आपण पाच-दहा पैशांत मूठभर घ्यायचो. भिंगाने मला जात सांगता येते. गाव, साल आणि माणूस भिंगाने सांगता येत नाही.

मागच्या वर्षी इतवारीतला आमच्या नात्यातला एक वाडा पाडला. माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला, तो मंडळींनी मला आणून दिला. १४३ कंचे. अकरा सोड्याचे, एक अकिकाचा, तीन दुधी, बाकी मांजरडोळे. सगळ्यांवर चंद्रकोरी. ज्या काकांचा तो डबा, ते आदल्या दिवाळीनंतर गेले. काकूंना एवढंच माहीत होतं की ते कुणाला त्याला हात लावू देत नसत. अकिकाचा एकटाच का, तो कुणाकडून जिंकला, दुधी तीन वेगळ्या चिंधीत का बांधले होते, हे सांगणारा एकच माणूस होता. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायची.

याउलट माझ्याकडे एक अगदी साधा, टवका उडालेला मांजरडोळा आहे. बाजारात त्याला कुणी रुपया देणार नाही. तो एका वयस्कर बाईंनी दिला. सोबत त्यांनी वहीच्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या: १९६१ चा उन्हाळा, महालातलं अंगण, धाकट्या भावाने शाळा सोडून कारखान्यात लागण्याच्या आदल्या दिवशी सगळे कंचे वाटून टाकले, हा मला दिला. माझ्या संग्रहातला सगळ्यात मोलाचा कंचा तो आहे, आणि मोल त्या कागदाचं आहे.

ही काही माझी कल्पना नव्हे, आपल्या नागपूरचीच जुनी शिकवण आहे. ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप धर्मोपदेशक होते, पण या परिसरातले दगड आणि जीवाश्म त्यांनी आयुष्यभर गोळा केले. हंटर यांच्याबरोबर त्यांनी त्यावर लिहिलेलं लंडनच्या अभ्यासकांनी वाचलं, कारण कोणता तुकडा कुठल्या टेकडीत, कोणत्या थरात सापडला हे त्यांनी नोंदवलं होतं. १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना ते बुडाले. त्याच वर्षी आपला अजबबंगला सुरू झाला. सहलीला गेलो की आपण तिथे काचेच्या कपाटांपुढून पळत सुटायचो आणि बाई म्हणायच्या, "चिठ्ठी वाचा, चिठ्ठी!" बाई इथे आहेत. बाई, आता वाचते.

म्हणून माझी एकच विनंती. आपल्या सगळ्यांची साठी उलटली आहे. आईवडिलांची घरं विकली जात आहेत, वाड्यांचे फ्लॅट होत आहेत, माळे रिकामे होत आहेत. कंच्यांचा डबा निघाला तर भंगारात देऊ नका आणि नातवालाही नुसताच देऊ नका. एक कागद घ्या आणि लिहा: कोणाचा, कोणत्या मोहल्ल्यातला, साधारण कोणत्या सालचा, आणि मोठ्या कंच्याला, खड्ड्याला, हरणाऱ्याच्या शिक्षेला तुमच्याकडे काय म्हणत. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काल जेवणाच्या पंगतीत पाच जणांनी पाच प्रकारे दिलं आणि भांडणही झालं. ते भांडणसुद्धा लिहून ठेवण्यासारखं आहे.

डबे मला द्यावेत असं मी म्हणत नाही. तुमचा डबा तुमच्या घरीच राहू द्या, कागद मात्र त्या डब्यात ठेवा. कागदाची एक प्रत मला दिलीत तर मी सगळ्या एका वहीत लावीन आणि पुढच्या मेळाव्याला ती वही इथे ठेवीन.

आणि गुरुजनांना एक विचारायचं आहे. आमच्या खिशातून जप्त झालेले कंचे शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात एका डब्यात जायचे. त्या डब्याचं पुढे काय झालं, हे तुमच्यापैकी कुणाला तरी नक्की ठाऊक असेल. सभागृहाच्या दारापाशी डाव्या बाजूच्या टेबलावर मी भिंग, टॉर्च आणि कोरे कागद ठेवले आहेत. चहा होईपर्यंत मी तिथेच बसते. लिहायचा कंटाळा असेल तर तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मोजायचं आणि लिहून ठेवायचं काम माझ्याकडेच असायचं, ते अजूनही जमतं.