हिशेबापलीकडची माणसे



आज पदवी घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचे थोडे अधिक, कारण या पदवीसाठी त्यांनी काय काय मागे ठेवले, ते त्यांनी तुम्हाला कधी सांगितले नसेल.

पदवीदान समारंभात मोठी स्वप्ने पाहा, असे सांगितले जाते. ती तुम्ही पाहालच. मला आज बोलायचे आहे ते आयुष्यात लागणाऱ्या माणसांविषयी. आजवर ती तुम्हाला न मागता मिळाली. वर्ग, वसतिगृह, मेस, एनएसएसचे शिबिर, परीक्षेच्या आदल्या रात्रीचा चहा. उद्यापासून तुमच्यापैकी पुष्कळ जण अनोळखी शहरात जातील. काही जणी स्वतःचा व्यवसाय सुरू करतील. तिथे माणसे आपली आपल्याला जोडावी लागतात, आणि ती कशी जोडायची हे कुठल्याच अभ्यासक्रमात नसते.

मी कोकणातून सोलापूरला आले ती शालेय गणवेश शिवण्याचा व्यवसाय करायला. कापड होते, हातात कसब असलेल्या बायका होत्या, बँकेचे कर्ज होते. माल पाहायला येणारे लोक मलाच विचारायचे, ‘‘साहेब कुठे आहेत?’’ पगाराची काळजी कारागीर बायकांपुढे बोलून दाखवता येत नसे. आईला फोनवर सांगितले, तर ती रात्रभर जागी राहायची. व्यावसायिकांच्या बैठकांना जात होते. तिथे ओळखी झाल्या, ऑर्डरीही मिळाल्या. पण दोन दिवस कारखाना उघडला नाही, तर ‘काय गं, बरी आहेस ना?’ असे विचारायला येईल असे त्या शहरात कुणीही नव्हते.

घरमालकीण काकूंनी मला त्यांच्या महिला मंडळात नेले. अंध विद्यार्थिनींना क्रमिक पुस्तके वाचून दाखवायची आणि ध्वनिमुद्रित करायची, हे मंडळाचे काम. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी गृहिणी, कुणी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या. माझा व्यवसाय काय, उलाढाल किती, हे कुणी विचारले नाही. विचारले ते एवढेच, ‘‘भूगोल वाचशील का?’’

भूगोलाच्या पुस्तकात पानोपानी नकाशे. ‘नकाशा पाहा’ हे वाक्य अंध मुलीला वाचून दाखवताना आवाज अडखळतो. म्हणून आम्ही नकाशा कापडावर करायचे ठरवले. एका रविवारी सगळ्या जणी माझ्या शेडमध्ये जमल्या. सह्याद्रीसाठी जाड पायपिंग, नद्यांसाठी सुतळीसारखा दोरा, धरणांच्या जागी बटणे, किनाऱ्यासाठी बारीक लेस. कुणी बेतत होत्या, कुणी टाचत होत्या, कुणी सगळ्यांसाठी पोहे करत होत्या. पुढच्या आठवड्यात एका मुलीने त्यावर बोट ठेवले. भीमाशंकरापासून भीमेच्या दोऱ्यावरून ती पंढरपूरपर्यंत आली, आणखी खाली आली, आणि कापडाच्या कडेला थांबून म्हणाली, ‘‘ताई, नदी इथेच संपते?’’ महाराष्ट्राची हद्द तिथे संपत होती. भीमा पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. आम्ही कापडाला जोड दिला आणि दोरा संगमापर्यंत नेला.

त्या कामात मला मैत्रिणी मिळाल्या. पुढे एका मोठ्या खरेदीदाराने माझे बिल महिनोन्‌महिने अडकवले, तेव्हा बँकेत काम केलेल्या मावशी वही-पेन घेऊन माझ्यासमोर बसल्या. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते, उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते आणि दाद मागायला स्वतंत्र परिषद असते, हे मला त्यांच्याकडून कळले. नोटिशीचा मसुदा आम्ही दोघींनी मिळून केला. मंडळातल्या आणखी एकीने तेवढे दिवस संध्याकाळचा डबा पाठवला. मी त्यांच्याकडे मदत मागायला गेले नव्हते. रविवारी माझा चेहरा पाहून त्यांनी ओळखले होते.

त्याच बायका मला एखाद्या बैठकीत भेटल्या असत्या, तर आम्ही फोन नंबर घेतले असते आणि विसरून गेलो असतो. जिथे कुणालाच काही मिळवायचे नसते, अशा कामात शेजारी बसले की माणूस खरा कळतो. कोण वेळेवर येते, कोण सतरंज्या न सांगता उचलते, कोण चुकलेल्याला सांभाळून घेते, हे सगळे दिसते. त्यातून जो विश्वास तयार होतो, तो पैशाने विकत घेता येत नाही.

ही गोष्ट माझी एकटीची नाही, आपल्या मातीतली आहे. १९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे गेले. त्यानंतर त्यांच्या पत्नी रमाबाईंनी उरलेले आयुष्य बायकांच्या कामाला वाहिले. येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्रियांना त्या भेटायला जात. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले, आणि घरात कोंडल्या गेलेल्या कितीतरी जणी तिथून शिक्षिका आणि परिचारिका होऊन बाहेर पडल्या.

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या आठवा. एका खोलीत संसार आणि त्याच खोलीत गिरणी कामगारांच्या पंगती. वाण्याची उधारी, गहाण पडलेले डोरले, सावकाराचे व्याज. त्या उद्योजिकाच होत्या, फक्त तसे त्यांना कुणी म्हणत नव्हते. आणि प्रत्येकीला वाटत होते, ही अडचण आपल्या एकटीचीच आहे. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. प्रेमाताईंची स्वतःची खानावळ नव्हती. त्यांचा त्यात काही फायदा नव्हता, म्हणूनच बायकांनी त्यांच्यावर विश्वास टाकला. बँकेकडे तारण ठेवायला या बायकांकडे मालमत्ता नव्हती. त्या एकमेकींना जामीन राहिल्या, आणि बँकेचे कर्ज त्यांच्या दारात आले.

आज तुमच्या हातात पदवी आहे, मोबाइल आहे, शेकडो लोकांशी संपर्क आहे. तरीही अडचणीच्या रात्री फोन कुणाला करायचा, हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर आधीपासून तयार करावे लागते. म्हणून सांगते. ज्या गावात जाल, तिथे एक काम शोधा. महिला मंडळ असेल, वाचनालय असेल, रुग्णालयातली सेवा असेल, वस्तीतली अभ्यासिका असेल. आठवड्याचा एक ठरलेला वार त्याला द्या आणि तो मोडू नका. पहिले वर्षभर पद मागू नका. हजेरी घ्या, खुर्च्या लावा, जे काम कुणी घेत नाही ते घ्या. आपला धंदा त्या दाराबाहेर ठेवा. वडीलधाऱ्या बायकांना जुन्या वळणाच्या समजून बाजूला सारू नका, तुमच्या अडचणी त्यांनी तुमच्या आधी सोसलेल्या आहेत. मित्रांनो, हे तुमच्यासाठीही आहे. सेवा ही बायकांनीच करायची असते, ही समजूत तुमच्या पिढीने मोडून काढावी.

आणि ज्यांचा जम बसेल, त्यांनी एक लक्षात ठेवावे. तुमच्या गल्लीत, तुमच्या इमारतीत एखादी मुलगी नवा व्यवसाय घेऊन एकटी आलेली असेल. ती स्वतःहून काही सांगणार नाही. तिच्याकडे जा आणि तिला आपल्या कामात बोलवा.