द्नीस्तरकाठची फसलेली योजना : कोझाक मसुद्याचा धडा



फुटून निघालेल्या प्रदेशाचा प्रश्न बड्या राष्ट्रांच्या दूतांनी बंद दाराआड सोडवावयाचा म्हटले म्हणजे काय घडते, याचे बोधप्रद उदाहरण २००३ साली मोल्दोवात घडले. कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या दृष्टीने त्याला विशेष महत्त्व आहे. कारण त्या वेळी किशिनाऊ येथे कम्युनिस्ट पक्षच सत्तेवर होता. केवळ परकीय कारस्थानाकडे बोट दाखवून या अपयशाची चर्चा संपविता येत नाही.

प्रश्नाचे मूळ

द्नीस्तर नदीच्या दोन काठांचा इतिहास भिन्न आहे. पश्चिमेकडील बेसाराबिया १९१८ साली रुमानियाने घेतला. पूर्व काठावर १९२४ साली सोव्हिएत युक्रेनच्या अंतर्गत मोल्दाव्हियन स्वायत्त प्रजासत्ताक स्थापन झाले. १९४० साली दोन्ही भाग मिळून मोल्दाव्हियन सोव्हिएत प्रजासत्ताक बनले. पुढे १९४१ ते १९४४ या काळात अंतोनेस्कूच्या फॅसिस्ट रुमानियन राजवटीने पूर्व काठावर ज्यूंचा भीषण संहार केला. रुमानियात विलीन होण्याची भाषा ऐकताच त्या काठावरील माणूस का दचकतो, हे या स्मृतीवरून ध्यानात यावे.

युद्धोत्तर काळात पोलाद, यंत्रसामग्री व वीज यांचे मोठे उद्योग पूर्व काठावर उभे राहिले. तेथे मोल्दोव्हन, रशियन व युक्रेनियन कामगार एकत्र काम करीत. ऑगस्ट १९८९ मध्ये किशिनाऊच्या विधिमंडळाने मोल्दोव्हन ही एकमेव राज्यभाषा ठरविली व तिच्यासाठी लॅटिन लिपी स्वीकारली. आपल्या भाषेला मान मिळावा ही मोल्दोव्हन जनतेची मागणी न्याय्य होती. परंतु रशियन बोलणाऱ्या कामगारांना विश्वासात घेण्याचे काम कोणी केले नाही. तिरास्पोलचे कारखाने संपावर गेले. या असंतोषाचे नेतृत्व लवकरच कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी बळकावले. पुढे वीस वर्षे तेथे सत्ता गाजविणारे इगोर स्मिर्नोव्ह हे अशाच एका कारखान्याचे संचालक होते.

२ सप्टेंबर १९९० रोजी पूर्व काठाने वेगळेपणाची घोषणा केली. १९९२ साली युद्ध पेटले, शेकडो माणसे मारली गेली, बेंदेरी शहर रक्ताने माखले. रशियाच्या चौदाव्या सैन्याने हस्तक्षेप केला आणि २१ जुलै १९९२ रोजी येल्त्सिन व स्नेगुर यांच्या करारावर सह्या होऊन शस्त्रसंधी झाली. तो टिकला, तोडगा मात्र निघाला नाही.

मसुद्यात काय होते?

२००१ च्या निवडणुकीत मोल्दोवाच्या कम्युनिस्ट पक्षाने १०१ पैकी ७१ जागा जिंकल्या. राष्ट्राध्यक्ष झालेले व्लादीमीर व्होरोनिन यांचा जन्म पूर्व काठावरील कोर्जोवा गावचा. देश पुन्हा एक करण्याची त्यांची इच्छा खरी होती. २००३ साली त्यांनी रशियाची मध्यस्थी मागितली आणि पुतिन यांनी आपल्या कार्यालयातील वरिष्ठ अधिकारी दिमित्री कोझाक यांना त्या कामी नेमले.

नोव्हेंबरच्या मध्यास कोझाक यांचा मसुदा पुढे आला. त्यात मोल्दोवा हे तटस्थ व निर्लष्करी संघराज्य व्हावे, द्नीस्तरपार प्रदेश आणि दक्षिणेकडील गागाउझ प्रदेश हे त्याचे दोन घटक असावेत, मोल्दोव्हन राज्यभाषा राहून रशियनला अधिकृत भाषेचा दर्जा मिळावा, अशी तरतूद होती. यापैकी बऱ्याच गोष्टी विचारात घेण्याजोग्या होत्या. कोणत्याही भाषेला विशेषाधिकार नसावा आणि राज्यभाषेची सक्ती नसावी, ही लेनिनची भूमिका सर्वश्रुत आहे.

खरी अडचण सत्तेच्या वाटणीत होती. वरिष्ठ सभागृहात २६ सदस्य असावयाचे होते. त्यांपैकी ९ द्नीस्तरपार प्रदेशाने, ४ गागाउझ प्रदेशाने व १३ कनिष्ठ सभागृहाने निवडावयाचे होते. पहिल्या प्रदेशाची लोकसंख्या पाच-साडेपाच लाख, दुसऱ्याची सुमारे दीड लाख. उरलेल्या देशाची तीस लाखांहून अधिक. म्हणजे सुमारे सात लाखांच्या प्रतिनिधींच्या हाती सभागृहाची निम्मी मते जात होती. अल्पसंख्य प्रदेशाला संरक्षण हवेच. पण येथे नकाराधिकार तिरास्पोलच्या कामगारांना मिळत नव्हता. तो तेथील सत्ताधारी गटाला मिळत होता. शिवाय अखेरच्या टप्प्यात दोन हजारांपर्यंत रशियन सैनिक २०२० पर्यंत ठेवण्याचे कलम घालण्यात आले. १९९९ च्या इस्तंबूल परिषदेत तर रशियाने २००२ अखेर सैन्य हलविण्याचे मान्य केले होते.

एका रात्रीतील माघार

व्होरोनिन यांनी मसुद्यावर आद्याक्षरे केली होती. २५ नोव्हेंबरला पुतिन सहीसाठी किशिनाऊला यावयाचे होते. दोनच दिवस आधी जॉर्जियात शेवर्दनाद्झे यांना राजीनामा द्यावा लागला होता. किशिनाऊच्या रस्त्यांवरही विरोधकांची निदर्शने सुरू झाली. युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेने मसुद्याला पाठिंबा नाकारला. अमेरिकन राजदूतांनी आणि युरोपीय संघाचे परराष्ट्र धोरणप्रमुख सोलाना यांनी सही न करण्याचा सल्ला दिला. ऐन वेळी व्होरोनिन यांनी नकार कळविला आणि पुतिन यांचा दौरा रद्द झाला.

पाश्चात्त्य राजधान्यांना मोल्दोव्हन जनतेच्या सार्वभौमत्वाची फार काळजी होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. नाटोचा पूर्वेकडे विस्तार चालू होता आणि त्या मार्गावर रशियन तळ त्यांना नको होता. त्याचप्रमाणे येल्त्सिनच्या काळात सार्वजनिक मालमत्ता लुटून उभ्या राहिलेल्या भांडवलदारी रशियाच्या हालचालींत समाजवादी आंतरराष्ट्रीयवाद शोधणेही तितकेच चुकीचे आहे. द्नीस्तरपार प्रदेशाच्या ध्वजावर विळा-हातोडा आहे. पण रिबनित्साचा पोलाद कारखाना खाजगी मालकांकडे गेला आणि १९९३ साली स्थापन झालेल्या शेरीफ या खाजगी कंपनीने दुकाने, पेट्रोल पंप, दूरसंचार असा बहुतेक व्यापार ताब्यात घेतला. ध्वजावरील चिन्हावरून सत्तेचे वर्गीय स्वरूप ठरत नाही.

अपयशाचे खरे कारण

परकीय दडपण होतेच. परंतु दडपणापुढे एका रात्रीत कोसळावे इतकी ही योजना दुबळी का होती? कारण तिच्यामागे जनता उभी नव्हती. कोझाक महिनोन् महिने दोन राजधान्यांत फिरत होते. सहमध्यस्थ असलेल्या युक्रेनला व युरोपीय संघटनेलाही मसुदा उशिरा कळला. मग रिबनित्साच्या भट्टीवरील कामगाराला किंवा बाल्तीच्या शेतमजुराला कोण विचारणार? विधिमंडळात ७१ सदस्य असलेल्या पक्षाने संघराज्याचा प्रश्न कारखान्यांत, गावांत, दोन्ही काठांवरील कामगार संघटनांत नेला नाही. त्यामुळे रस्ता मोकळा सापडला तो रुमानियाशी विलीनीकरण मागणाऱ्या राष्ट्रवाद्यांना. १९१७ च्या शांतताविषयक हुकूमनाम्यात सोव्हिएत सत्तेने गुप्त राजनीती रद्द केल्याचे जाहीर केले होते. त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या पक्षाने नेमका तोच मार्ग धरला.

परिणामही तसेच झाले. रशियन दारूगोळा हलविण्याचे काम २००४ साली थांबले. त्याच वर्षी पूर्व काठावरील लॅटिन लिपीच्या शाळांना टाळी लागली. दोन सत्तांच्या भांडणाची किंमत मुलांनी मोजली. २००६ साली रशियाने मोल्दोव्हन मद्यावर बंदी घातली आणि द्राक्षबागाईतदारांचे कंबरडे मोडले. व्होरोनिन पश्चिमेकडे वळले. २००९ साली त्यांच्या पक्षाची सत्ता गेली. २०२२ साली शेजारी युक्रेनमध्ये युद्ध भडकले. १ जानेवारी २०२५ रोजी युक्रेनमार्गे येणारा रशियन वायू बंद पडताच पूर्व काठावरील कारखाने थंडावले आणि ऐन हिवाळ्यात घरे गारठली.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. संघराज्य ही लोकशाही मागणी आहे. बड्या सत्तांच्या देवघेवीतील नाणे म्हणून तिचा वापर झाला की ती बदनाम होते. शांततेची कोणतीही योजना पुढे आली, तर कम्युनिस्टांनी तीन प्रश्न विचारावयास हवेत. ती कोणी, कोणाच्या माघारी तयार केली? तिने सत्ता जनतेच्या हाती जाते की एखाद्या टोळीच्या? आणि दोन्ही बाजूंच्या श्रमिकांना ती जवळ आणते की दूर लोटते? या तिन्ही प्रश्नांना कोझाक मसुद्यापाशी समाधानकारक उत्तर नव्हते. द्नीस्तरच्या दोन्ही काठांवरील कष्टकऱ्यांना ते उत्तर एकत्र येऊन शोधावे लागेल. आणि त्यांच्या एकजुटीला साह्य करणे हे प्रत्येक देशातील कम्युनिस्टांचे कर्तव्य आहे.