मोत्याचा दवाखाना आणि गटाचं कर्ज
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी मांडलेले विचार, लेखी स्वरूपात)



आज मी जो विषय घेऊन आलेय तो ऐकून निम्म्या जणी हसणार, हे मला माहीत आहे. हसा, पण ऐकून घ्या. विषय आहे घरच्या कुत्र्याच्या औषधपाण्याचा खर्च.

हा विषय मला सापडला तो तुमच्याच कर्ज रजिस्टरात. एका गटात दोन महिन्यांत तीन कर्जं 'दवाखाना' म्हणून गेली होती. मी विचारलं, घरात कोण आजारी आहे? कुणी बोलेना. सचिव ताई खाली बघून हसायला लागल्या. शेवटी एक काकू म्हणाल्या, "अगं, आमचा मोत्या." मग दुसरीने सांगितलं, तिच्याकडचं पिल्लू. तिसरीने तर कर्जच घेतलं नव्हतं 'दवाखान्या'साठी, तिचं कारण होतं 'किराणा', पण पैसे गेले होते कुत्रीच्या सलाईनला. मग मी बाकीच्या गटांतही विचारायला लागले. एका ताईंनी गटात मागितलंच नाही. का, तर "कुत्र्यासाठी कुठं कर्ज मागायचं, बाया नावं ठेवतील." त्यांनी शेजारच्या माणसाकडून शेकडा पाच रुपये व्याजाने पैसे आणले. आपला गट कशासाठी काढला होता, आठवतंय ना?

आता पहिली गोष्ट. कुत्रं पाळणं ही शहरात हौस असेल. आपल्याकडे वस्तीवर राहणाऱ्या बाईला ती हौस नाही. चहूबाजूंनी ऊस, त्यात बिबट्या, घर गावापासून लांब, नवरा कारखान्यावर नाहीतर रात्रीच्या लाईटीवर पाणी धरायला गेलेला. गोठ्यात चार-पाच शेळ्या, त्यातल्या दोन गटाच्याच कर्जातून घेतलेल्या. रात्री त्यांची राखण कोण करतं? शेळीसाठी कर्ज देताना आपण गोठा आहे का, चारा आहे का, विमा काढणार का, सगळं विचारतो. ती शेळी रात्रभर ज्याच्या भरवशावर असते त्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

खर्च वाढला हे खरंच आहे. पूर्वी कुत्र्याला डॉक्टर हा प्रकारच नव्हता, जगलं तर जगलं. आता तालुक्याला खाजगी डॉक्टर आहेत, औषधं आहेत, आणि आपल्यालाही त्याचं दुखणं बघवत नाही. त्यात काही वाईट नाही. पण डॉक्टर वस्तीवर आले की येण्या-जाण्याचे पैसे, तपासणीचे वेगळे, इंजेक्शनचे वेगळे. लहान पिल्लाला पार्व्हो झाला, म्हणजे उलट्या आणि रक्ताची हगवण लागली, की एका सलाईनवर भागत नाही. तीन-चार दिवस रोज जावं लागतं, रोज मजुरी बुडते, आणि एवढं करून पिल्लू वाचेलच असं नाही. एका ताईंनी त्यात दोन हजारांच्या वर घातले आणि चौथ्या दिवशी पिल्लू गेलं. त्याच पिल्लाला दीड-दोन महिन्यांचं असताना पहिली लस आणि मग पुढचे डोस मिळाले असते, तर बहुतेक ही वेळ आली नसती.

आणखी एक नवीन खर्च आलाय, शहरातून येणारी कुत्री. पोरगा पुण्याला खोलीवर लॅब्रॅडॉर आणतो, सहा महिन्यांनी खोलीमालक ओरडतो, की कुत्रं आईकडे गावाला. पोरगा फोनवर विचारतो, "आई, शेरू जेवला का?" पण शेरूच्या गोचिडांचं, कानाचं, खाण्याचं बिल आईच्या बचतीतून जातं. अशा आयांना माझं सांगणं आहे, कुत्रं ठेवून घ्या, पण पोराकडून दर महिन्याला त्याचे पैसे मागून घ्या. लाजू नका.

आता रेबीजचं सांगते, कारण जास्त पैसा आणि माणसाचा जीव दोन्ही इथेच जातात.

कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्यायची, मग डॉक्टर सांगतील तसा पुढचा डोस, आणि नंतर दर वर्षी एक. आपण ती देत नाही. मग काय होतं? पिसाळलेलं कुत्रं येतं, आपल्या कुत्र्याला चावतं, गोठ्यातल्या गाईला चावतं. चावल्यानंतर गाईला एका लसीवर भागत नाही, ठरलेल्या तारखांना पाच डोस द्यावे लागतात. पाच वेळा डॉक्टर, पाच वेळा त्यांचं पेट्रोल. आणि जिला चावल्याचं कुणी पाहिलंच नाही, ती गाय खाणं सोडते, तोंडातून लाळ गळते, घोगरं ओरडते. आपल्याला वाटतं घशात काहीतरी अडकलंय. मग घरातली बाई, कारण गाईचं सगळं बाईच बघते, तिच्या तोंडात हात घालून बघते. ताईंनो, हे कृपा करून करू नका. असं दिसलं की हात लावायच्या आधी डॉक्टरांना फोन करा.

माणसाला कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. चुना, मिरची, हळद काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं, तिथे लस मोफत असते. सगळे डोस पुरे करायचे, दोन घेऊन बरं वाटलं म्हणून सोडायचे नाहीत. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस वाचत नाही.

मग स्वस्तात कसं बसवायचं? एका ग्रामसंघाने याच उन्हाळ्यात केलं ते सांगते. रेबीजची लस एका डोसच्या छोट्या बाटलीत मिळते, तशी दहा डोसच्या मोठ्या बाटलीतही मिळते. मोठी घेतली तर एका डोसची किंमत बरीच कमी पडते. अडचण एवढीच की बाटली एकदा उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते, म्हणून एका कुत्र्यासाठी ती कुणी फोडत नाही. आणि डॉक्टरांचं येणं एका कुत्र्यासाठी तेवढंच, दहांसाठीही तेवढंच. त्या ग्रामसंघातल्या पशुसखीने नऊ घरांची नावं घेतली, डॉक्टरांना एकच दिवस बोलावलं, लस बर्फाच्या डब्यात आली. प्रत्येकीच्या वाट्याला शंभराच्या आत खर्च आला. एकट्याने बोलावलं असतं तर साडेतीनशे-चारशे कुठे गेले नव्हते. दहावा डोस देवळाजवळच्या कुत्रीला दिला, तिचे पैसे नऊ जणींनी वाटून घेतले. २०२२ मध्ये लम्पीच्या वेळी गावातल्या सगळ्या गाईंना आपण अशीच धावपळ करून लस टोचून घेतली होती. रोग दारात यायची वाट का बघायची?

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्यालाही तपासतात, हे बऱ्याच जणींना माहीतच नव्हतं. गाडी करून न्यायला जमत असेल तर आधी तिथे जा. जनावरांसाठी १९६२ हा मोफत फोन नंबर आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा.

घरच्या उपायांबद्दल थोडक्यात. गोचिडांसाठी पिकावरची फवारणी कुत्र्याच्या अंगावर मारू नका. ते अंग चाटतं, विष पोटात जातं. आपल्या अंगदुखीच्या गोळ्याही देऊ नका. त्यातल्या काही गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडन्या जातात. पाच रुपयांची गोळी मग फार महाग पडते.

राहिलं कर्जाचं. माझं मत सांगते, ठराव तुम्ही करायचा आहे. कुत्र्याच्या उपचाराला गटातून छोटं कर्ज द्यावं आणि रजिस्टरात कारण खरं लिहावं. 'किराणा' लिहिलं की पुढच्या वर्षी आराखडा करताना आपल्याला कळतच नाही पैसा कुठे जातो. पण मर्यादा ठेवा. आणि कर्ज घेण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा, एकूण किती खर्च येईल आणि जगण्याची आशा किती आहे. डॉक्टर स्पष्ट नाही म्हणाले तर कर्ज काढू नका. हे ऐकायला कठोर वाटेल. पण हप्ता बाईलाच फेडायचा असतो. लसीसाठी मात्र कर्जाची पाळीच येऊ नये. महिन्याला दहा रुपये वेगळे काढले तरी वर्षाची लस निघते.

२८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या आठवड्यात प्रत्येक ग्रामसंघाने एक दिवस ठरवावा असं मी सुचवते. किती कुत्री, किती पिल्लं, कुणाची कुत्री गाभण आहे, आधी कधी लस दिली होती, एवढं एका कागदावर लिहून पशुसखीकडे द्या. पुढच्या बैठकीपर्यंत यादी आली तर डॉक्टरांना किती बाटल्या लागतील ते सांगता येईल. त्या दिवशी सकाळी कुत्रं मोकळं सोडू नका, साखळीने बांधून ठेवा. चावरं असेल तर आधीच सांगा, आणि घरचं एक ओळखीचं माणूस त्याच्याजवळ थांबू द्या.