सोल्डर काढायचंय? मग आधी थोडं सोल्डर घाला

आजचा भाग ज्यांच्या घरात एखादा बंद पडलेला बोर्ड पडून आहे आणि तो उघडायची खाज सुटलीय, त्यांच्यासाठी. सोल्डर लावायचं कसं यावर ढीगभर व्हिडिओ सापडतात. पण लावलेलं सोल्डर काढायचं कसं, तेही बोर्डाची वाट न लावता, यावर फार कमी लोक बोलतात. मी दिवसभर कोड लिहितो. तिथे काही बिघडलं तर मागच्या व्हर्जनवर जाता येतं. बोर्डावरचा पॅड उखडला की तो उखडला.

आता पॅड म्हणजे काय ते बघा. तांब्याचा एक पातळ थर, बहुतेक बोर्डांवर साधारण ३५ मायक्रॉनचा. तो फायबरग्लासच्या बोर्डाला रेझिनने चिकटलेला असतो. नेहमीच्या एफआर-४ बोर्डातलं हे रेझिन १३० ते १८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. आणि सोल्डर कधी वितळतं? कथील ६३ टक्के, शिसं ३७ टक्के असं जे चांगलं सोल्डर मिळतं, ते १८३ अंशांना. बिनशिशाचं तर २१७च्या पुढे. म्हणजे ज्या क्षणी सोल्डर पातळ होतं, त्याच क्षणी पॅडखालची पकडही ढिली झालेली असते. नुसती उष्णता पॅड दोन-चार सेकंद सोसतो. उष्णता आणि ओढाताण एकदम नाही सोसत. म्हणून कंपोनंट निघत नसेल तर जोर लावायचा नाही. कुठेतरी सोल्डर अजून घट्ट आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग जुनं सोल्डर नीट वितळत का नाही? कारण त्यावर ऑक्साइडचा थर चढलेला असतो आणि त्यातलं फ्लक्स पहिल्याच वेळी जळून गेलेलं असतं. आयर्नचं टोक त्यावर टेकतं, पण उष्णता आत शिरत नाही. लोक मग तापमान वाढवतात, दाबून धरतात, आणि पॅड भाजला जातो. त्यापेक्षा त्या जॉइंटवर थोडं ताजं, शिशाचं सोल्डर घाला. ऐकायला उलटं वाटतं, पण ताज्या सोल्डरबरोबर ताजं फ्लक्स येतं, टोक आणि पाय यांच्यात पातळ धातूचा पूल तयार होतो आणि सगळा जॉइंट एकदम वितळतो. युरोपात १ जुलै २००६पासून शिशावर निर्बंध आले, तेव्हापासूनच्या पुष्कळ बोर्डांवर बिनशिशाचं सोल्डर असतं. त्यात शिशाचं मिसळलं की वितळायचं तापमानही खाली येतं.

फ्लक्स म्हणजे काही नवीन भानगड नाही हं. आजीला विचारा. कल्हईवाला भांडं तापवून त्यावर नवसागर टाकायचा आणि मगच कथील फिरवायचा. काम तेच, धातूवरचा मळ काढायचा. फक्त नवसागर बोर्डावर चालत नाही, तांबं खातो. आपल्याला राळेचं फ्लक्स हवं. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं.

आता एक खरी केस. माझी मावशी मिरजेला गाणं शिकवते. तानपुऱ्यांच्या गावात राहून वापरते इलेक्ट्रॉनिक तानपुरा, कारण शिकवताना तार कोण छेडत बसणार! तो जुना डबा घुमायला लागला. "अरे, यात कुणीतरी वेगळाच सूर लावून बसलंय," म्हणाली. बरोबरच होतं तिचं. पॉवर सप्लायचा कपॅसिटर सुकला की ५० हर्ट्झच्या विजेतून १०० हर्ट्झची घरघर आवाजात उतरते. एका दुरुस्तीवाल्याने आधी उघडून व्हॉल्यूमच्या कंट्रोलचा एक पॅड उखडून ठेवला होता आणि वर "नवा घ्या" असा सल्ला दिला होता. मावशीला नवा नको होता. तिचा कान याच आवाजाला बसलेला.

अशा वेळी पहिला प्रश्न आयर्न गरम करायच्या आधीचा: जगवायचं कुणाला? इथे कपॅसिटर मेलेलाच आणि स्वस्त. व्हॉल्यूम कंट्रोलही बाजारात मिळतो. पण त्यावरची प्रोग्राम केलेली चिप कुठेच मिळाली नसती. म्हणजे बोर्ड वाचवायचा, बाकीचं गेलं तरी चालेल. कपॅसिटरची दिशा कळावी म्हणून फोटो काढला. मग एक पाय तापवून कपॅसिटर किंचित कलता केला, दुसरा तापवून दुसरीकडे, असं तीन-चार वेळा करत तो सुटला. व्हॉल्यूम कंट्रोलचे पाय कटरने सरळ कापले आणि उरलेले तुकडे एकेक करून काढले. सगळे पाय एकदम वितळवायच्या नादात माणसं बोर्ड जाळतात. चिपला मी हात लावला नाही.

कंपोनंटच वाचवायचा असेल तेव्हा मात्र धीर लागतो. सकरने एकेक पाय मोकळा करायचा, चिमट्याने हलकेच हलवून बघायचा, "टिक" करून सुटला की पुढचा. एखादा पाय सुटत नसेल तर तो बहुधा ग्राउंडचा असतो. तिथे तांब्याचा मोठा पट्टा सगळी उष्णता पिऊन टाकतो. तापमान वाढवू नका, रुंद टोक लावा. विक, म्हणजे ती तांब्याची वेणी, वापरताना एक सांभाळा: आयर्न आणि विक एकदम उचलायचे. आयर्न आधी उचललं तर विक तिथेच गोठते आणि ओढली की पॅडसकट येते.

भोक बुजलं तर ड्रिल मारायचं नाही, आतला तांब्याचा मुलामा जातो. लाकडी टूथपिक किंवा इंजेक्शनची स्टीलची सुई घ्या, स्टीलला सोल्डर सहसा चिकटत नाही. आणि तो आधीच उखडलेला पॅड? त्याच्या ट्रॅकवरचा हिरवा थर ब्लेडने खरवडून एक बारीक वायर जोडली. दिसायला गबाळं आहे, पण चालतंय.

दोन गोष्टी आणि मग थांबतो. थेट विजेवर चालणाऱ्या स्विचिंग सप्लायमध्ये मोठा कपॅसिटर ३२५ व्होल्टच्या आसपास भरलेला असतो, प्लग काढल्यावरही काही वेळ. मीटर लावून बघितल्याशिवाय बोट नको. आणि धूर येतो तो फ्लक्सचा, शिशाचा नाही, तरी खिडकी उघडी ठेवाच. शिसं हाताला लागतं. तेव्हा चहाचा कप उचलायच्या आधी साबणाने हात धुवा. पुढच्या भागात हॉट एअर.