डबा नको, ताट सांभाळू



मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक गृहस्थ पावडरचा डबा घेऊन आले. "यात अँटिऑक्सिडंट आहे. रोज दोन चमचे घ्या, वय दहा वर्षांनी मागे जाईल," म्हणाले. डबा तेराशे रुपयांचा. आमच्यातल्या चौघी गटातून कर्ज काढायला तयार झाल्या. कंबर दुखते, थकवा जात नाही, चाळिशीतच साठीच्या दिसतो, मग मोह कुणाला होणार नाही? आम्ही म्हटलं, थांबा, आधी समजून घेऊ. उपकेंद्रातल्या सिस्टरांना विचारलं, थोडं वाचलं. जे कळलं ते आज सांगतो.

वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. विळा पावसात राहिला की गंजतो. दोन्हीत हवेतल्या ऑक्सिजनचा हात असतो. तोच ऑक्सिजन आपल्याला जगवतो. पण शरीरात अन्नापासून शक्ती तयार होताना, चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसे काही उनाड कण सुटतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. थोड्या ठिणग्या शरीर स्वतःच विझवतं. त्या जास्त झाल्या आणि विझवणारं कमी पडलं, की पेशींना इजा होते. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. म्हातारपणामागे हे कण असावेत, असं डेनहॅम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५६ साली मांडलं. पुढे आणखीही कारणं सापडली, पण हे त्यातलं एक आहेच.

पेशीच्या आत गुणसूत्रं असतात. साडीला पिको केला नाही तर धागे सुटतात ना? गुणसूत्रांच्या टोकांनाही असाच पिको असतो, त्याला टेलोमिअर म्हणतात. पेशी एकीच्या दोन होताना तो थोडा झिजतो. ऑक्सिडेटिव्ह ताण असला की लवकर झिजतो. टेलोमिअर राखण कशी करतं, हे शोधणाऱ्या तिघांना २००९ साली नोबेल मिळालं. त्यातल्या दोघी बाया आहेत, एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर.

मग डबा घ्यायचा का? फिनलंड देशात २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. त्यातल्या काहींना गाजरात असतं ते बीटा कॅरोटिन गोळीतून दिलं. १९९४ साली निकाल आला, तेव्हा ती गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी नाही, उलट १८ टक्के जास्त निघाला. गाजर खाणं वेगळं आणि त्यातला एकच अंश काढून गिळणं वेगळं.

ठिणग्या विझवायचं सामान आपल्या बांधावर आहे. आवळा, पेरू, लिंबू यांत क जीवनसत्त्व. शेवग्याचा पाला, मेथी, लाल भोपळा यांत कॅरोटिन. शेंगदाण्यात आणि करडईच्या तेलात ई जीवनसत्त्व. शरीराची स्वतःची विझवणारी यंत्रणा चालायला जस्त आणि तांबं लागतं, ते डाळी, तीळ, बाजरीतून मिळतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, बटाटा सोडून फळं-भाज्या मिळून दिवसाला ४०० ग्रॅम तरी खा. भाजी आधी धुवा, मग चिरा. लिंबू शिजवताना नको, ताटात पिळा.

आणि ठिणग्या वाढवणाऱ्या गोष्टी कमी करू. मशेरी, चुलीचा धूर, पुन्हा पुन्हा तापवलेलं तळणीचं तेल.

हे कळल्यावर आम्ही एकमेकींना विचारलं, काल रात्री काय खाल्लं? एक जण रोज मेथीच्या जुड्या बाजारात नेते. ती म्हणाली, "सगळ्यांना वाढून भाजी उरली नाही, चटणी-भाकरी खाल्ली." मग दुसरीनेही तेच सांगितलं, तिसरीनेही. सगळ्या गप्प झालो. भाजी पिकवणारी आपण, निवडणारी आपण, रांधणारी आपण, आणि पातेलं पुसून खाणारीही आपणच.

त्या दिवशी डबा परत गेला. आम्ही ठरवलं, बाजाराला निघण्याआधी दोन जुड्या घरी ठेवायच्या, आणि जेवायला सगळ्यांनी एकत्र बसायचं. सासूबाईंनाही सोबत घ्यायचं, त्यांनीही आयुष्यभर शेवटीच खाल्लंय.

आवळा खाल्ला म्हणून म्हातारपण टळणार नाही, हे खरं. थकवा हटत नसेल तर दवाखान्यात रक्त तपासून घ्या, अंगात रक्त कमी असेल तर त्याचे उपचार वेगळे असतात. पण रोजच्या झिजेला रोजचं ताटच पुरं पडतं.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री भाजी वाढाल तेव्हा आपलीही वाटी आधीच भरून ठेवा. पुन्हा भेटू. नमस्कार.