घेण्याआधी नेट बंद करून बघा

जयपूरच्या जंतरमंतरात सम्राट यंत्रापाशी उभं राहिलं, की सावली डोळ्यांदेखत सरकताना दिसते, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेलं हे २७ मीटर उंचीचं सूर्यघड्याळ आजही वेळ दाखवतं. ऊन असलं की झालं, कुठल्या कंपनीचा आधार त्याला लागत नाही.

घरातल्या ‘स्मार्ट’ वस्तूंचं मात्र वेगळं. एप्रिल २०२२मध्ये घरातले दिवे अ‍ॅपवरून चालवू देणाऱ्या अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद पडले. भिंतीवरची बटणं चालत होती, पण अ‍ॅपवरून दिवे लागेनात. पुढे काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेतली आणि सेवा सुरू केली. घर ‘स्मार्ट’ करायला निघालेल्याने म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारावा: नेट गेलं, कंपनी बुडाली, तरी ही वस्तू चालेल ना?

जयपूरसारख्या उन्हाच्या गावात पैसे वसूल करून देतो तो पंखा. छताचा साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या) मोटरचा साधारण ३० वॅट. दिवसाला १५ तास आणि वर्षातले आठ महिने तो फिरला, तर एका पंख्यामागे १६२ युनिटं वाचतात. चार पंख्यांच्या घराने हा हिशेब स्वतः मांडून पाहावा. मात्र ही बचत मोटरची आहे, अ‍ॅपची नव्हे. रिमोटवाला पंखा पुरतो; अ‍ॅपसाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही.

दुसरी वस्तू दिसायला साधी, पण मोलाची: गच्चीवरच्या टाकीचा लेव्हल कंट्रोलर. बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचं पाणी शंभर किलोमीटरहून जास्त अंतर कापून या शहरात येतं. ते टाकी भरून ओघळत राहावं आणि पंप तसाच चालू राहावा, हे पाहवत नाही. टाकी भरताच पंप आपोआप बंद करणाऱ्या या यंत्राला नेट लागतच नाही.

स्मार्ट बल्बचं तसं नाही. आजी झोपताना भिंतीवरचं बटण बंद करतात, आयुष्यभराची सवय. त्या क्षणी बल्बची वीजच तुटते, मग फोनवर कितीही बोटं मारा. त्यापेक्षा बटणच स्मार्ट घ्यावं, म्हणजे आजींचीही सोय आणि नातवाचीही. गिझरला वेळ लावून ठेवणारा प्लगही उपयोगी, पण १६ अँपिअरचाच घ्यावा. दोन हजार वॅटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीत घाई नको. २०१६मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. पासवर्ड बदलता येतो, चित्रण घरातल्याच कार्डावर साठतं आणि कंपनी सुरक्षेचे अपडेट देते, असा कॅमेरा मिळाला तरच घ्यावा. झोपायच्या खोलीत तर तो नकोच.

खरेदीला जाल तेव्हा दुकानदाराला दुकानातलं वायफाय बंद करायला सांगा, आणि मग वस्तू चालवून बघा.